घर कोसळले, करार उरला

ऑगस्ट २०२० चा अखेरचा आठवडा भंडारेकरांच्या स्मरणातून जाणे अवघड आहे. गणेशोत्सव सुरू होता. कोरोनाच्या भयाने बाजारपेठ आधीच अर्धी मिटलेली होती. त्यातच मध्यप्रदेशातील मुसळधार पावसामुळे शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत सोडावे लागले आणि नदीने आपली मर्यादा ओलांडली. खाली गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी घुसले. चार दिवसांनी पाणी ओसरले, तेव्हा मागे उरला गुडघाभर गाळ, फुगलेली कपाटे आणि बसलेल्या मातीच्या भिंती.

अशा प्रसंगी समाज धावून येतो, तसा तेव्हाही आला. शिधा आला, चादरी आल्या, शासनाचे पंचनामे झाले. परंतु आपत्तीचा आणखी एक अंक असतो. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत नाहीत. तो पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतो. घरमालक भाडे मागावयास येतो आणि भाडेकरू विचारतो, 'कशाचे भाडे? खोलीच उरली नाही!' मालक म्हणतो, 'मग जागा मोकळी कर.' भाडेकरू म्हणतो, 'आधी माझी अनामत द्या.' दोघेही पूरग्रस्त, दोघेही गांजलेले. आणि कालपर्यंत एकाच अंगणात वावरलेली ही दोन कुटुंबे एकमेकांसमोर वैरभावाने उभी ठाकतात. भिंतींचा पंचनामा तलाठ्याने केला. या दोघांमधील कराराचा पंचनामा कोणी केला?

वास्तू नष्ट झाली तर भाडेपट्टा संपतो की उरतो, आणि संपवावयाचा तर तो कोणी संपवावा, हा प्रश्न वरकरणी वकिलांच्या कामाचा वाटतो. प्रत्यक्षात तो शहरात खोली घेऊन मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाचा आहे, रस्त्याकडेला गाळा घेऊन शिलाईयंत्र चालविणाऱ्या कारागिराचा आहे; आणि एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी भागविणाऱ्या वृद्ध मालकिणीचाही आहे.

कायद्यातील अस्मानी आणि सुलतानी

या विषयावरचा मूळ कायदा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. १ जुलै १८८२ पासून तो अमलात आला. त्याच्या १०८ व्या कलमात मालक व भाडेकरू यांचे परस्परांविषयीचे हक्क आणि कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातील एक पोटकलम असे सांगते की, आग, वादळ वा पूर यांमुळे, किंवा सैन्याच्या वा जमावाच्या हिंसेमुळे, किंवा अन्य अनिवार्य शक्तीमुळे भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्णतः नष्ट झाला, अथवा ज्या कामासाठी ती घेतली होती त्या कामास बव्हंशी व कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार पट्टा रद्दबातल ठरेल. मात्र ते नुकसान भाडेकरूच्याच गैरकृत्याने वा कसुरीने झालेले असेल, तर त्यास हा लाभ मिळणार नाही.

ही यादी वाचताना मराठी माणसाच्या ओठावर एक जुना जोडशब्द आल्यावाचून राहत नाही : अस्मानी-सुलतानी. आग, वादळ, पूर ही अस्मानी. सैन्य आणि जमाव ही सुलतानी. मराठेशाहीतील मामलतीच्या व इजाऱ्याच्या कागदांत अशा संकटात सूट देण्याचे कलम असे. त्याही मागे गेलो तर याज्ञवल्क्यस्मृती सांगते की, राजा, दैव वा चोर यांच्यामुळे नष्ट झालेली ठेव ती सांभाळणाऱ्याकडून भरून घेऊ नये. नारदस्मृतीत तर भाडे देऊन दुसऱ्याच्या भूमीवर घर बांधून राहणाऱ्याने जागा सोडताना आपले गवत, लाकूड, विटा घेऊन जाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. भाडेकरूने स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेण्याचा हक्क १०८ वे कलमही देते. तात्पर्य, जे मनुष्याच्या हाती नव्हते त्याचा भार एकट्यावर टाकू नये, हा न्याय या भूमीस इंग्रजांनी शिकविलेला नाही. आपण मात्र तो आपल्या करारनाम्यांतून पुसून टाकला आहे.

निवड भाडेकरूची, पण मौन महाग

या तरतुदीतील तीन बारकावे सामान्य माणसाने नीट ध्यानी घ्यावयास हवेत.

पहिला असा की, पट्टा रद्द करण्याचा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नव्हे. इमारत पडली म्हणून मालक 'आता तुझा संबंध संपला' असे परस्पर जाहीर करू शकत नाही. याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. केरळमधील एका दुकानाच्या खटल्यात, इमारत नष्ट झाली की त्याबरोबर भाडेकरूचा हक्कही संपतो, असा निर्णय झाला होता. पुढे २०१४ साली आपल्याच महाराष्ट्रातील सांगलीचे प्रकरण न्यायालयासमोर आले. तेथे महापालिकेने इमारत पाडली होती. शाह रतनशी खिमजी आणि कुंभार सन्स यांच्या या खटल्यात न्यायालयाने आधीचे मत बाजूस सारले. घर भाड्याने देताना त्याखालची जमीनही पट्ट्यात येते. म्हणून वरचा इमला नाहीसा झाल्याने पट्टा आपोआप मरत नाही, असे न्यायालयाने ठरविले. करार भिंतींशी नव्हे, भूमीशीही जोडलेला आहे, हा या निर्णयाचा गाभा.

दुसरा बारकावा याच्या उलट बाजूचा. पट्टा आपोआप संपत नाही, म्हणजे भाडेही आपोआप थांबत नाही. घर पडले, नातलगाकडे जाऊन राहिलो, किल्ली खिशातच राहिली, मालकास काही कळविले नाही. सहा महिन्यांनी सहा महिन्यांच्या भाड्याची नोटीस आली, तर दोष कोणाचा? पर्याय वापरावयाचा असेल तर तो शब्दांत, कागदावर, पोच मिळेल अशा टपालाने कळवावा लागतो आणि ताबा परत द्यावा लागतो. कायदा हक्क देतो. तो उच्चारण्याचे काम भाडेकरूचे.

तिसरा बारकावा सर्वांत कठोर. नुकसान 'कायमचे' असावे लागते. भंडाऱ्यातील शेकडो घरांत पाणी शिरले, आठ-पंधरा दिवस तेथे राहणे अशक्य झाले, पण सिमेंटच्या भिंती उभ्याच राहिल्या. अशा घरास हे पोटकलम लागू करणे कठीण. ज्यांच्या कवेलूच्या घरांच्या मातीच्या भिंतीच बसल्या, त्यांची गोष्ट वेगळी. २०२० सालीच टाळेबंदीच्या काळात दिल्लीतील खान मार्केटच्या एका भाडेकरूने, दुकान बंद असल्याने भाडे स्थगित करावे, अशी मागणी केली. तात्पुरता वापर थांबणे म्हणजे मालमत्ता नष्ट होणे नव्हे, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली.

हा कठोरपणा नवा नाही. फाळणीच्या वणव्यात पश्चिम पंजाबातून जीव मुठीत धरून भारतात आलेल्या काही पट्टेदारांनी, तिकडे उपभोगता न आलेल्या जमिनीचे भरलेले भाडे परत मागितले. ध्रुवदेव चंद खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. पट्टा हा पूर्ण झालेला व्यवहार आहे, अशक्यतेमुळे करार निष्फळ ठरविणारे करार कायद्याचे ५६ वे कलम त्यास लागू पडत नाही, आणि जमीन तर जागेवरच आहे, असा तो युक्तिवाद होता. १९७१ च्या सुशीला देवी खटल्यात मात्र गुजरांवाला जिल्ह्यातील जमिनीचा पट्टा अजून व्हावयाचाच होता, म्हणून तेथे रक्कम परत मिळाली. ज्यांचे सर्वस्व लुटले गेले त्यांच्यातही कागद पूर्ण झालेला आणि कागद अपूर्ण राहिलेला असा भेद झाला. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत असेल. परंतु ज्या संकटात दोघेही निर्दोष आहेत, त्याचा सगळा भार एकावरच पडू नये, ही तळमळ त्यात कोठे दिसत नाही.

महाराष्ट्राचा कायदा काय देतो?

विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. ज्या शहरी क्षेत्रांत तो लागू आहे, तेथे त्याच्या १४ व्या कलमान्वये, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य ठेवण्याचे दायित्व मालकावर आहे. मालकाने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून घेता येते आणि तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात, त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. समजा, महिना २,००० रुपये भाडे आहे. वर्षाचे झाले २४,००० आणि दुरुस्तीसाठी वळते करता येतील अवघे ६,०००. गळके छप्पर, मोडकी मोरी यांसाठी ही तरतूद पुरेल. पुराने खचलेल्या भिंतीस ६,००० रुपयांत काय होणार?

भाडे थकविण्याचा मार्गही धोक्याचा आहे. १५ व्या कलमाने थकबाकीसाठी ९० दिवसांच्या नोटिशीचे संरक्षण दिले आहे खरे. पण दावा दाखल झाल्यावर थकबाकी १५ टक्के व्याजासह भरावी लागते. रागाने भाडे रोखणारा भाडेकरू अखेर स्वतःचीच हानी करून घेतो.

याहून मोठी गफलत कागदाच्या नावात होते. आज शहरांत बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स' या नावाने होतात. तो पट्टा नसतो. ती केवळ वापराची अनुज्ञा असते. तिला १८८२ चाच, पण वेगळा, सुविधाधिकार कायदा लागू पडतो. त्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे मालमत्ता नष्ट झाली, किंवा अनिवार्य शक्तीने कायमची इतकी पालटली की अनुज्ञेचा उपयोगच करता येऊ नये, तर अनुज्ञा रद्द झाली असे मानले जाते. येथे निवड कोणाचीच नाही. एकाच भिंतीच्या अलीकडे पट्टेदार आणि पलीकडे अनुज्ञाधारक राहत असेल, तर एकाच पुरात एकाचा हक्क जिवंत राहतो आणि दुसऱ्याचा वाहून जातो. सही करताना कितीजणांनी ही ओळ वाचलेली असते?

आणि मुळात सही तरी असते काय? अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले असून, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकास दंड व कारावासही होऊ शकतो. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी कित्येक व्यवहार तोंडीच चालतात. मुद्रांकाचे शे-पाचशे वाचविण्याच्या नादात मालक आपली बाजूच गमावून बसतो, आणि भाडेकरूपाशी पंचनाम्याच्या वेळी दाखवावयास भाडेपावतीही नसते.

शेतीची स्थिती तर याहून बिकट. भंडारा हा धानाचा जिल्हा. येथे कितीतरी बांध्या ठेक्याने वा बटईने कसल्या जातात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ११७ व्या कलमाने शेतीचे पट्टे या प्रकरणातून वगळले आहेत. म्हणजे पुराने बांधीत रेती भरली तरी ठेकेदार शेतकऱ्यास १०८ व्या कलमाचा आधार नाही. कूळ लागेल या भीतीने जमीनमालक काही लिहून देत नाही, आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याने ठेका घेणाऱ्याच्या हाती मदतही पडत नाही. घाम त्याचा, ठेक्याची रक्कम त्याची, बियाणे त्याचे. आणि नुकसानीच्या यादीत नाव दुसऱ्याचे!

मालकाचीही बाजू

येथवर वाचून कोणास वाटेल की, हा लेख भाडेकरूची वकिली करतो. तसे नाही. घरमालक म्हणजे धनाढ्य, ही प्रतिमा चित्रपटांनी निर्माण केली. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या गावांत मालक बहुधा निवृत्त कर्मचारी असतो, विधवा असते, किंवा बँकेचे कर्ज काढून वर दोन खोल्या चढविणारा लहान दुकानदार असतो. घर पडले तरी त्याचा हप्ता थांबत नाही. त्यातच कायद्याने भाडेकरूस पर्याय दिला. पण तो किती दिवसांत वापरावा याची मुदत घातलेली नाही. भाडेकरू बोलत नाही, किल्ली देत नाही, भाडेही देत नाही. मालकास पुन्हा बांधावयाचे आहे, पण पाऊल उचलता येत नाही. सांगलीच्या निर्णयानंतर पडक्या जागेवरचा हक्क हेच भांडवल करून सौदा करू पाहणारा भाडेकरूही आढळेल. तो न्याय नव्हे. संकटात सापडलेल्या मालकाची अडवणूक करणे हे भाडे उकळण्याइतकेच अनुचित आहे.

आजचा कायदा दोघांनाही अर्धवट सोडतो. भाडेकरूस हक्क आहे, पण तो 'कायमच्या' नाशापुरता. मालकास मालमत्ता आहे, पण तिच्याविषयी निश्चितता नाही.

काय करता येईल?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्याचा मसुदा संमत केला. त्यातील एक तरतूद या प्रश्नाच्या मुळाशी जाते. पूर, आग, वादळ, भूकंप अशा आपत्तीमुळे जागा राहण्यास अयोग्य झाली, तर मालकाने ती पुन्हा राहण्यायोग्य करेपर्यंत भाडे आकारू नये. आणि ती तशी होऊच शकत नसेल, तर देय रकमा वजा करून अनामत व आगाऊ भाडे भाडेकरूस नोटिशीची मुदत संपल्यापासून १५ दिवसांत परत करावे. 'कायमच्या' नाशाची अट येथे नाही. पंधरा दिवस गाळात गेलेल्या घरासही न्याय मिळतो, आणि किती दिवसांत काय करावयाचे हे मालकासही कळते. परंतु हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून त्यास बळ नाही. आदर्श कायद्यातील सारेच महाराष्ट्राने घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. जुन्या भाडेकरूंच्या संरक्षणाविषयी त्यावर मतभेद आहेत आणि ते विचारार्ह आहेत. पण आपत्तीविषयीची ही एक तरतूद १९९९ च्या कायद्यात समाविष्ट करण्यास कोणाची हरकत असावी? तिला भाडेकरूने पर्याय वापरण्याची मुदत जोडली, म्हणजे मालकावरही अन्याय होणार नाही.

दुसरी गोष्ट शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या हातची. पंचनाम्यात घराच्या मालकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्याचे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव लिहावे आणि प्रत दोघांनाही द्यावी. पुढे वाद झालाच, तर नाश किती झाला याचा हा पहिला आणि बहुधा एकमेव पुरावा असतो.

तिसरी गोष्ट आपल्याच हातची आहे आणि तिला विधानसभेची वाट पाहावी लागत नाही. १०८ व्या कलमाच्या आरंभीच म्हटले आहे की, विरुद्ध करार वा स्थानिक रूढी नसेल तरच या तरतुदी लागू होतात. म्हणजे करारात जे लिहू ते प्रमाण. छापील नमुन्यातील 'कोणत्याही कारणास्तव भाडे थांबणार नाही' ही ओळ न वाचता सही केली, तर कायद्याने दिलेला हक्क आपणच सोडून दिला. त्याऐवजी चार ओळी सोप्या मराठीत लिहाव्यात : अस्मानी-सुलतानीने जागा वापरण्यायोग्य न राहिल्यास तेवढ्या दिवसांचे भाडे आकारले जाणार नाही, मालकाने अमुक दिवसांत दुरुस्ती करावी, ती न झाल्यास भाडेकरूने ३० दिवसांच्या आत पट्टा संपविण्याची वा चालू ठेवण्याची इच्छा लेखी कळवावी, संपविल्यास किल्ली आणि अनामत यांची देवघेव एकाच दिवशी व्हावी. मालक असा वा भाडेकरू, या चार ओळींनी दोघांचेही रक्षण होते.

आपत्तीनंतर गावोगाव धावणारे कार्यकर्ते शिधा वाटण्यात कमी पडत नाहीत. पण शिधा आठवड्यात संपतो आणि वाद वर्षानुवर्षे चालतो. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या आठवड्यात गावातील एखादा जाणकार वकील, एखादा निवृत्त तहसीलदार आणि दोन विश्वासाची माणसे यांनी मालक-भाडेकरूंना एकत्र बसवून कागद करून दिले, तर तेही सेवाकार्यच होय. न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याआधी ओसरीवर मिटणारे तंटे आपल्या समाजाने शतकानुशतके मिटविले आहेत.

वैनगंगा आपली आहे. तिने धानास पाणी दिले, पवनीस घाट दिले, ढिवर बांधवांस मासळी दिली. ती पुन्हा कधी कोपणार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तिचे पाणी अडविणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. परंतु पाणी ओसरल्यावर मालकाने आणि भाडेकरूने एकमेकांच्या दारी भांडण घेऊन जावे की कागद घेऊन, हे निश्चितच आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या घरातील भाडेकरार पेटीतून काढून एकवार वाचावा, आणि नसेल तर करून घ्यावा, एवढीच वाचकांस विनंती.